वूण जिल्हा कुठे गेला?

आजचा धागा एका अशा जिल्ह्याविषयी आहे, जो आजच्या नकाशावर सापडत नाही. जुन्या ग्रंथांच्या तळटीपांत मात्र ठायी ठायी भेटतो. त्याचे नाव वूण.

१९०१ च्या जनगणनेत वऱ्हाडाचे सहा जिल्हे आहेत: अमरावती, अकोला, एलिचपूर, बुलढाणा, बासिम आणि वूण. वूणची लोकसंख्या दिली आहे ४,६६,९२९. दहा वर्षांनी, १९११ च्या जनगणनेत, वऱ्हाडात चारच जिल्हे उरतात. एलिचपूर नाही, बासिम नाही, वूणही नाही. पावणेपाच लाख माणसांचा जिल्हा मधल्या काळात गेला कुठे? तो जागच्या जागीच होता. फक्त त्याच्या दारावरची पाटी बदलली होती. आज आपण त्याला यवतमाळ म्हणतो.

जुन्या लेखातील एखाद्या दुव्यावर टिचकी मारावी आणि समोर ‘पान सापडत नाही’ अशी पाटी यावी, हा अनुभव तुम्हा सर्वांच्या परिचयाचा आहे. हा रोग इंटरनेटने आणला असा आपला समज असतो. परंतु अभ्यासकांना तो शतकानुशतके छळत आला आहे. ‘वूण जिल्हा, दारव्हा तालुका’ असा १८८० सालचा उल्लेख हाही एक दुवाच होय. लिहिणाऱ्याने तो वाचकाला एका निश्चित ठिकाणी नेण्यासाठी दिला होता. ठिकाण शाबूत आहे, पत्ता मात्र मेला आहे. अशा मृत पत्त्यांचे काय करावे, हा प्रश्न समजून घ्यायला यवतमाळ जिल्हा फार उपयोगी पडतो. कारण येथे पत्ते एका प्रकाराने नव्हे, अनेक प्रकारांनी तुटले आहेत.

आधी थोडी पार्श्वभूमी. १८५३ साली निजामाने वऱ्हाड प्रांत ईस्ट इंडिया कंपनीच्या ताब्यात दिला. हैदराबाद कंटिंजंट या फौजेच्या खर्चाची थकबाकी हे त्याचे निमित्त होते. मालकी निजामाची, कारभार इंग्रजांचा, अशी ही विचित्र व्यवस्था. हा कारभार हैदराबादेतील ब्रिटिश रेसिडेंटमार्फत चाले. १८६४ साली अमरावतीपासून प्रांताचा आग्नेय भाग वेगळा काढून एक स्वतंत्र जिल्हा करण्यात आला. त्याचे पहिले नाव चक्क दिशादर्शक होते: आग्नेय वऱ्हाड. पुढे त्याला वूण हे नाव मिळाले. वूण म्हणजे आपली वणी. इंग्रज कारकुनाच्या कानाने आणि लेखणीने तिचे ‘वूण’ केले. गंमत अशी की जिल्ह्याला नाव वणीचे असले, तरी कचेरी होती यवतमाळला. म्हणजे हा पत्ता जन्मापासूनच थोडा वाकडा होता.

१९०२ साली लॉर्ड कर्झनने निजामाशी नवा करार करून वार्षिक २५ लाख रुपयांच्या मोबदल्यात वऱ्हाड कायमच्या पट्ट्याने घेतला. १९०३ च्या ऑक्टोबरात तो मध्य प्रांताला जोडला गेला. मग ऑगस्ट १९०५ मध्ये सहा जिल्ह्यांचे चार झाले. एलिचपूर अमरावतीत विलीन झाला. बासिमचे तुकडे झाले. वूण जिल्ह्याला बासिममधील पुसद तालुका जोडण्यात आला आणि त्याचे नामांतर यवतमाळ असे झाले.

येथे पहिला धडा मिळतो आणि तो आकड्यांचा आहे. वूणची १९०१ ची लोकसंख्या ४,६६,९२९ होती, हे वर आलेच. पण १९०५ नंतर छापलेल्या ग्रंथांत यवतमाळ जिल्ह्याची त्याच १९०१ सालची लोकसंख्या ५,७५,९५७ दिलेली आढळते. एकच साल, एकच जिल्हा, आणि फरक लाखाहून अधिक! अनेक जण अशा वेळी एक आकडा चूक ठरवून मोकळे होतात. वस्तुतः दोन्ही बरोबर आहेत. दुसऱ्या आकड्यात पुसद धरलेले आहे, पहिल्यात नाही. आता कल्पना करा की कोणी ‘वूण’ खोडून तिथे मुकाट्याने ‘यवतमाळ’ लिहिले आणि १८९१ चा जुन्या सीमांतील आकडा व १९०१ चा नव्या सीमांतील आकडा शेजारी शेजारी मांडला. वाचकाला दिसेल की त्या दशकात जिल्ह्याची लोकसंख्या लाखाने वाढली. प्रत्यक्षात ते दशक १८९६-९७ आणि १८९९-१९०० या दोन भीषण दुष्काळांचे होते आणि त्यात साऱ्या वऱ्हाडाची लोकसंख्या २८,९७,४९१ वरून २७,५४,०१६ पर्यंत खाली आली होती. केवळ एका नावाच्या ‘दुरुस्ती’ने दुष्काळ पुसला जातो. मला वाटते, तुटका दुवा तसाच ठेवण्यापेक्षा तो अशा रीतीने सांधणे अधिक घातक आहे.

म्हणून वूणच्या जागी यवतमाळ लिहू नये. वूणच्या शेजारी लिहावे. ‘वूण (१९०५ पासून, पुसद तालुक्यासह, यवतमाळ)’ एवढे लिहिले की वाचकाला जुना ग्रंथही सापडतो आणि आजचा नकाशाही.

लोकनायक बापूजी अणे यांचे उदाहरण घ्या. त्यांचा जन्म २९ ऑगस्ट १८८० रोजी वणी येथे झाला. परिचयलेखांत सर्रास ‘जन्म: वणी, जि. यवतमाळ’ असे लिहिलेले असते. सर्वसामान्य वाचकासाठी ते चालण्यासारखे आहे. पण त्या साली यवतमाळ नावाचा जिल्हाच नव्हता. अण्यांच्या बालपणीची वणी कशी होती हे सरकारी कागदांत धुंडाळायचे असेल, तर ‘यवतमाळ जिल्हा’ हे शब्द तुम्हाला एकाही पानापर्यंत नेणार नाहीत. तिथे वूणच म्हणावे लागेल.

दुसरा प्रकार याहून गुंतागुंतीचा आहे: पत्ता बदलला नाही, फुटला. बासिम जिल्ह्याचे तीन तालुके होते: बासिम, मंगरूळ आणि पुसद. पहिले दोन अकोल्यात गेले, तिसरा यवतमाळात आला. १८९० सालच्या एखाद्या अहवालात बासिम जिल्ह्यातील कापसाविषयी काही विधान असेल, तर ते आज कोणत्या जिल्ह्याविषयी समजायचे? एकच उत्तर देता येत नाही. तालुका माहीत असेल तर दुवा सांधता येतो. नसेल तर ‘बासिम’ हेच उत्तर, आणि तेथेच थांबणे प्रामाणिकपणाचे.

आणि येथे एक सापळा आहे. १ जुलै १९९८ रोजी अकोल्याचे विभाजन होऊन वाशीम जिल्हा पुन्हा अस्तित्वात आला. नाव परत आले. दुवा जणू जिवंत झाला. परंतु जुन्या बासिमात पुसद होते, नव्या वाशीममध्ये ते नाही. पुढे राज्याचे मुख्यमंत्री झालेले वसंतराव नाईक पुसद तालुक्यातील गहुलीचे, जन्म १९१३ चा. त्यांच्या आधीच्या पिढीचा सरकारी पत्ता बासिम जिल्हा हा होता, त्यांचा स्वतःचा यवतमाळ. मधे अवघ्या आठ वर्षांचे अंतर. जुन्या ‘बासिम’वर बोट ठेवून आजच्या वाशीमला जाणारा वाचक गहुलीला कधीच पोहोचणार नाही आणि आपण चुकलो हेही त्याला कळणार नाही. ‘पान सापडत नाही’ ही पाटी निदान खरे बोलते. जो दुवा उघडतो, पण भलतीकडेच नेतो, त्याचे काय करावे?

त्या जातीचा सर्वांत ठसठशीत नमुना खुद्द वणीच आहे. महाराष्ट्रात वणी दोन. एक आपली विदर्भातली, दुसरी नाशिक जिल्ह्याच्या दिंडोरी तालुक्यातली, सप्तशृंगगडाच्या वाटेवरची. राष्ट्रकूट राजा गोविंद तिसरा याचा जो ‘वणी ताम्रपट’ अभ्यासकांना परिचित आहे, तो नाशिककडचा. राष्ट्रकूटांचा विदर्भाशी निकटचा संबंध होता, त्यामुळे हा ताम्रपट विदर्भातल्या वणीच्या खाती जमा करण्याचा मोह सहज होऊ शकतो. आता पाहा, इंग्रजांनी विदर्भातल्या वणीचे ‘वूण’ केले ते आपल्या कानाला खटकते; पण त्या वेड्यावाकड्या वर्तनीनेच या दोन गावांना जुन्या ग्रंथांत वेगळे ठेवले आहे. ती ‘सुधारून’ सर्वत्र वणी केले की दोन गावे एकमेकांत मिसळलीच म्हणून समजा. जुन्या संदर्भातील वर्तनी जशीच्या तशी जपावी असा अभ्यासकांचा जो आग्रह असतो, तो केवळ सोवळेपणा नव्हे.

कळंबचेही तेच. अबुल फज़लच्या ऐन-ई-अकबरीत वऱ्हाड सुभ्यातील सरकारांच्या यादीत कळंब आहे, माहूर आहे. हे कळंब यवतमाळ जिल्ह्यातले, चिंतामणीचे. धाराशिव जिल्ह्यातही एक कळंब आहे, आणि शोधयंत्राला त्या दोहोंतील फरक कळेलच असे नाही.

तिसरा प्रकार वाचकांच्या सहसा लक्षात येत नाही. गाव तेच, जिल्हाही तोच, पण त्याच्या वरचे दफ्तर बदलले. यवतमाळ एक इंचही न सरकता किती राजधान्यांचे झाले ते मोजा. १९०३ पर्यंत हैदराबादचा रेसिडेंट. त्यानंतर नागपूर, आधी मध्य प्रांत आणि वऱ्हाडाची राजधानी म्हणून, नंतर १९५० पासून मध्य प्रदेशाची. १ नोव्हेंबर १९५६ पासून द्वैभाषिक मुंबई राज्य, १ मे १९६० पासून महाराष्ट्र. दर वेळी जुन्या कागदांचे काही गठ्ठे हलले, काही राहिले, काहींचे क्रमांक बदलले. त्यामुळे १८७५ सालच्या वूणविषयीचा पत्रव्यवहार महाराष्ट्रात न शोधता दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारातील हैदराबाद रेसिडेन्सीच्या कागदांतही शोधावा लागतो. वऱ्हाडातल्या जिल्ह्याचा कागद हैदराबादच्या नावाने दिल्लीत असू शकतो, हे माहीत नसलेला विद्यार्थी नागपूरच्या अभिलेखागारात दोन दिवस घालवून ‘कागद नाहीत’ असा निष्कर्ष काढतो. कागद नाहीत आणि कागदांचा पत्ता आपल्याला ठाऊक नाही, या दोन अगदी भिन्न गोष्टी आहेत.

हे सारे हौशी लोकांचे कोडे आहे असे कोणाला वाटत असेल, तर पुढचे दोन परिच्छेद त्याने अवश्य वाचावेत.

स्वातंत्र्यानंतर अनुसूचित जमातींची जी यादी झाली, तिच्यात विदर्भापुरती एक अट होती. गोंड, कोलाम इत्यादी जमातींना हा दर्जा केवळ काही ठरावीक तहसिलींत मिळत असे: अमरावतीची मेळघाट, चांद्याच्या गडचिरोली व सिरोंचा, आणि यवतमाळच्या केळापूर, वणी व यवतमाळ. दारव्हा आणि पुसद या यादीत नव्हत्या. म्हणजे वणी तहसिलीतला गोंड अनुसूचित जमातीचा आणि पुसदचा गोंड नव्हे! ही क्षेत्रमर्यादा १९७६ च्या दुरुस्ती कायद्याने उठली. तोवर तहसिलीचे नाव ही केवळ भूगोलाची बाब नव्हती. शाळेतली सवलत, नोकरी, राखीव मतदारसंघ हे सारे त्या एका शब्दावर लटकलेले होते. त्या काळी या जिल्ह्यात पाच तालुके होते, आज सोळा आहेत. जुन्या दाखल्यावर लिहिलेले ‘वणी तहसील’ आज कोणत्या तालुक्यात पडते, हे दाखवता न येणे म्हणजे जातपडताळणीच्या रांगेत अडकणे.

दुसरी गोष्ट वनहक्कांची. २००६ च्या वनहक्क कायद्यानुसार, जे अनुसूचित जमातींचे नाहीत अशा पारंपरिक वननिवासींना १३ डिसेंबर २००५ पूर्वी तीन पिढ्या, म्हणजे ७५ वर्षे, तेथे वास्तव्य असल्याचे दाखवावे लागते. हिशेब केला तर तो १९३० च्या डिसेंबरपर्यंत मागे जातो. (त्याच वर्षीच्या जुलैत अणे यांनी पुसदला जंगल सत्याग्रह केला होता, जंगल कोणाचे, हा प्रश्न या जिल्ह्याला नवा नाही.) कायद्याखालील नियमांत ग्राह्य पुरावे दिले आहेत. त्यांत गॅझेटियर, जनगणना, भूमापन व जमाबंदीचे अहवाल, नकाशे यांचा स्पष्ट उल्लेख आहे. याचा अर्थ असा की यवतमाळचे १९०८ सालचे गॅझेटियर ही केवळ धूळ खाणारी वस्तू नाही. एखाद्या पाड्याच्या ग्रामसभेसाठी तो पुरावा होऊ शकतो. मग त्या पानाचा संदर्भ ‘जुन्या गॅझेटियरमध्ये आहे’ असा ढोबळ दिलेला असून कसे चालेल? पुराव्याला खंड, साल आणि पृष्ठ लागते.

आता आपल्या काळातल्या दुव्यांकडे येऊ. अमेरिकेतील प्यू संशोधन केंद्राने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीनुसार, २०१३ साली अस्तित्वात असलेल्या वेबपानांपैकी ३८ टक्के पाने २०२३ पर्यंत दिसेनाशी झाली होती. वूण हे नाव सुमारे चार दशके टिकले. आपले दुवे तेवढेही टिकत नाहीत.

गॅझेटियरांचे उदाहरण बोलके आहे. ‘डिजिटल लायब्ररी ऑफ इंडिया’ या प्रकल्पात लाखो जुन्या भारतीय ग्रंथांची पाने संगणकात उतरवली गेली. वऱ्हाडाचा अभ्यास करणाऱ्या कित्येकांनी तेथील पत्ते आपल्या टिपणांत दिले. पुढे ते संकेतस्थळ बंद पडले आणि ते सर्व पत्ते एका दिवसात वूणच्या पंक्तीला जाऊन बसले. सुदैवाने अनेक प्रतींची नक्कल ‘इंटरनेट आर्काइव्ह’ने करून ठेवली होती. तेथे आजही पुष्कळ ग्रंथांच्या ओळखचिन्हाची सुरुवात ‘इन डॉट अर्नेट डॉट डीएलआय डॉट २०१५’ अशी असते. म्हणजे मूळ घर गेले, पण नव्या घराने जुन्या घराचा पत्ता दारावर कोरून ठेवला. वूण आणि यवतमाळ शेजारी शेजारी लिहावे असे वर म्हटले, ते हेच.

यावरून जुने दुवे तुटलेले आढळतील तेव्हा काय करावे याचा अंदाज येतो. पहिली उबळ खोडून टाकण्याची असते. तसे करू नये. मृत पत्त्यातसुद्धा ग्रंथाचे नाव, प्रकाशकाचे नाव, कधी पृष्ठक्रमांकही दडलेला असतो. तोच पत्ता इंटरनेट आर्काइव्हच्या ‘वेबॅक मशीन’मध्ये टाकून पाहावा. १९९६ पासूनची असंख्य पाने तेथे तारखेसह साठवलेली आहेत. जतन केलेली प्रत मिळाली तर मूळ पत्त्याशेजारी ती प्रत आणि तिची तारीख द्यावी. तारखेला फार महत्त्व आहे, कारण मजकूर नंतर बदललेला असू शकतो. तोच ग्रंथ दुसरीकडे सापडला तर आवृत्ती पडताळून पाहावी. वऱ्हाडापुरते बोलायचे तर लायलचे १८७० चे गॅझेटियर, यवतमाळचे १९०८ चे आणि राज्य शासनाचे १९७४ चे, हे तीन निराळे ग्रंथ आहेत. एकाचा दुवा तुटला म्हणून दुसऱ्याचा चिकटवणे म्हणजे बासिमऐवजी वाशीम. आणि शोधूनही काही हाती लागले नाही, तर ‘हा दुवा अमुक तारखेस उघडत नव्हता’ एवढे लिहून तो तसाच राहू द्यावा. नंतर येणाऱ्याला कदाचित तो लागेल.

शोध घेताना नावांचा गुच्छ हाताशी हवा. यवतमाळ हे इंग्रजीत दीर्घकाळ ‘येवतमाल’सारख्या वर्तनीने लिहिले जात असे, वूणची वर्तनी कुठे एका ‘यू’ने, कुठे दोन ‘ओं’नी, अचलपूरचे एलिचपूर, वाशीमचे बासिम. आजच्या वर्तनीने शोधणाऱ्याला त्या ग्रंथांतले काहीच सापडत नाही आणि ‘यवतमाळचा इतिहास कोणी लिहिलाच नाही’ अशी हळहळ तो व्यक्त करतो. येत्या काही वर्षांत हाच प्रश्न मराठवाड्यातही उभा राहील. उस्मानाबाद धाराशिव झाले, औरंगाबाद छत्रपती संभाजीनगर झाले, तिकडे अहमदनगर अहिल्यानगर झाले. नामांतराविषयी मत काहीही असो, दीडशे वर्षांचे छापील संदर्भ जुन्याच नावांवर उभे आहेत, आणि तुमच्यापैकी जे आज लिहीत आहेत त्यांनी दोन्ही नावे दिली तर पुढच्यांचे कष्ट वाचतील.

जाता जाता यवतमाळच्या सर्वांत जुन्या दुव्यांपैकी एक. ऐन-ई-अकबरीत या भागातील एक परगणा ‘योत-लोहारा’ असा नोंदवलेला आहे. नुसते ‘योत’ असते तर ते ओळखणे अवघड होते. गॅझेटियरकारांनी ते यवतमाळ म्हणून ओळखले. मूळ गाव येवता, आणि परगण्याचे मुख्य ठिकाण म्हणून त्याला लागलेले ‘महाल’. त्याचे झिजून ‘माळ’ झाले, अशी त्यांची व्युत्पत्ती. आणि जोडनावातला लोहारा? तो यवतमाळच्या पश्चिमेला सुमारे तीन मैलांवर, त्याच नावाने, त्याच जागी उभा होता. आज यवतमाळकर ते नाव औद्योगिक वसाहतीमुळे रोज घेतात.